हिरामणच्या वाट्याला आलेला रविवार

मार्च निम्मा झाला की सिल्वासात मोहाचा वास सुटतो. सकाळी शाळेत जाताना रस्त्याकडेच्या झाडांखाली पिवळट, गरगरीत फुलं पडलेली असतात. वारली बाया टोपल्या घेऊन ती वेचत असतात. तो गोड, जडसर, किंचित आंबलेला वास पदराला चिकटतो आणि थेट वर्गापर्यंत सोबत येतो. मुलांची परीक्षा तोंडावर आलेली असते. खिडकीतून गरम वारा आत येतो, बाकांवरचे कागद उडवतो आणि पाढे म्हणणारी पोरं मधेच जांभया देतात.

आमच्या घरात याच दिवसांत उपवासकाळ असतो. प्रभू येशूच्या दुःखाची आठवण करायचे, ईस्टरच्या आधीचे हे आठवडे. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात चर्चचे पाळक होते. त्यामुळे या दिवसांत गोड खायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही आणि आपलं आपलं पाप शोधून देवापुढे ठेवायचं, ही लहानपणापासूनची सवय. तेव्हा कितीही शोधलं तरी पाप सापडायचं नाही. मग मी एखादं बनवायची. आईच्या डब्यातला गूळ खाल्ला, असं काहीतरी. वडील गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यायचे. आता शोधावं लागत नाही. मोहाचा वास आला, की ते आपणहून शेजारी येऊन बसतं.

त्या उपवासकाळाला आता अकरा वर्षं होत आली. मुलगी कृपा तेव्हा पहिलीत होती. मी इथल्या सरकारी मराठी शाळेत शिकवत होते आणि माझे यजमान दानिएल जवळच्या सायली गावात, प्लास्टिकच्या दोऱ्या वळायच्या एका कारखान्यात मशीनवर होते. सकाळी सायकल काढायचे आणि संध्याकाळी घरी यायचे ते अंगाला जळक्या प्लास्टिकचा वास घेऊन.

दानिएलांचा विश्वास माझ्यासारखा नव्हता. माझा विश्वास वडिलांच्या उपदेशांतून आलेला, वचनं पाठ केलेला, जरा इस्त्री केलेला. दानिएल देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. सायकलची चेन उतरली तरी, "प्रभू, बघ ना जरा." भाजीत मीठ जास्त पडलं तरी डोळे मिटून दोन शब्द, आणि मग मुकाट्याने जेवणं. मला त्याची थोडी लाज वाटायची. एवढ्या मोठ्या देवाला चेनसाठी कशाला हाक मारायची? पण कृपाने बापाचंच उचललं होतं. तिची खोडरबरं, तिच्या मैत्रिणींची भांडणं, अंगणातली लंगडी मांजर, सगळं रोज देवाच्या कानावर जायचं. तिला पवित्र शास्त्रातल्या, बायबलातल्या गोष्टी जुन्या वाटायच्याच नाहीत. गालीलचा समुद्र म्हणजे दमणगंगेच्या पुढे कुठेतरी, एवढंच तिला माहीत होतं.

सिल्वासात आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. कचेरीत नोकरी करणारे शांतवनमामा आमच्यात वडीलधारे. पाळक वापीहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी मामा उपासना चालवायचे, कधी त्यांच्या क्वार्टरमध्ये, कधी आमच्या. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार आमच्याकडे ठरला. येशू यरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हातात घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून या दिवशी मुलंबाळं हातात झावळ्या धरून गात फिरतात. कृपाने महिनाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. खऱ्या झावळ्या हव्यात, कागदाच्या नकोत, आणि बाबांनीच पुढे चालायला हवं.

नेमकी त्याच रविवारी कारखाना चालू ठेवायची पाळी आली. मोठी ऑर्डर होती, आणि त्या दिवसाच्या ड्युटीत दानिएलांचं नाव होतं. मी म्हटलं, कुणाशी तरी बदला ना. हे मी सहज म्हटलं. कितीतरी गोष्टी आपण सहज म्हणतो.

त्यांनी हिरामणला विचारलं.

हिरामण साक्रीकडचा, खानदेशातला. गावाकडे पावसाच्या भरवशाची शेती भावांत वाटली गेली, म्हणून बायकोला, सिंधूला, घेऊन इथे आला होता. सायलीतच चाळीत खोली करून राहत होता. अहिराणी बोलायचा, मधेच कारखान्यातली हिंदी-गुजराती. तो लगेच हो म्हणाला. तुमचा सण आहे, जा, एवढंच म्हणाला. दिवाळीत दानिएलांनी त्याच्यासाठी असंच केलं होतं म्हणे.

आमचा रविवार फार सुंदर झाला. हे लिहायला अजूनही नको वाटतं, पण झाला. खेरडी गावच्या एका ओळखीच्या माणसाने शिंदीच्या झावळ्या तोडून आणून दिल्या होत्या. त्यांची टोकं बोटांना टोचत होती. मुलं अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा अंगणात गात फिरली. शेजारच्या गुजराती आजी गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दानिएल सगळ्यात पुढे होते, घामाने भिजलेले, बेसूर, आनंदी. उपासनेनंतर मी सगळ्यांना सरबत दिलं. ग्लास गोळा करत असताना फाटकापाशी कारखान्यातला एक माणूस सायकलवरून उतरला. तो धापा टाकत होता. हिरामणचा हात मशीनमध्ये गेला, असं त्याने सांगितलं.

उजवा हात. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली.

दानिएल तसेच खाली बसले, पायरीवर. मी दाराला धरून उभी होते. आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो हिरामणचा नव्हता. माझी नजर दानिएलांच्या हातांवर गेली. दहाही बोटं शाबूत, झावळ्यांनी थोडी खरचटलेली. देवा, तुझे उपकार, असं माझ्या मनाने म्हटलं. तोंडाने नाही, पण अगदी स्पष्ट म्हटलं. आयुष्यात इतकी मनापासून मी क्वचितच प्रार्थना केली असेल.

दुसऱ्या दिवशी दानिएल कामावर गेले. त्यांना त्याच मशीनवर उभं केलं. मशीन पुसून काढलेलं होतं. संध्याकाळी घरी आले. जेवायला बसले तेव्हा कृपा डोळे मिटून वाट बघत राहिली, कारण आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना बाबाच करायचे. ते कालवलेल्या भाताकडे बघत राहिले. शेवटी मीच दोन वाक्यं म्हटली. त्यानंतर ती दोन वाक्यं रोज मलाच म्हणावी लागली.

मंगळवारी त्यांनी मला सांगितलं. त्या मशीनच्या तोंडाला जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. ती कितीतरी दिवस ढिली झाली होती. दुरुस्त करू करू म्हणत राहून गेली होती. रोज काम करणाऱ्यांना ते माहीत असायचं, ते हात जरा लांबून फिरवायचे. हिरामण दुसऱ्या मशीनवरचा. त्याला सांगायला हवं होतं. शनिवारी संध्याकाळी त्याच्याशी बोलताना दानिएलांच्या डोक्यात झावळ्या होत्या. कुठून आणायच्या, कधी आणायच्या. ते सांगायचंच विसरले.

हे मी कुणाला सांगू, असं त्यांनी मला विचारलं. पाळकाची मुलगी मी, क्षमेवरची किती वचनं तोंडपाठ होती, पण त्या वेळी एकही ओठांवर येईना. त्यांना दवाखान्यात जाऊन हिरामणला भेटायचं धैर्य होत नव्हतं. सायकल तिकडे वळायची, दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची.

बुधवारी संध्याकाळी शांतवनमामांकडे प्रार्थना होती. मामा मनाने फार चांगले. लोकांच्या अडीअडचणीला धावणारे. त्यांनी प्रार्थनेत दानिएलांसाठी देवाचे आभार मानले. आपला भाऊ देवाच्या घरी आला, म्हणून देवाने त्याचा हात राखला, असं म्हणाले. मग डोळे उघडून दानिएलांना म्हणाले, उठून साक्ष दे, देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सांग, सगळ्यांना उभारी येईल.

दानिएल उठले. मला वाटलं, बोलतील. ते चप्पल घालून निघून गेले.

मला राग आला तो मामांचा नाही. जे मी मनात म्हटलं होतं तेच त्यांनी मोठ्याने म्हटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा कसं दिसतं ते दिसलं. सगळे जण आमेन म्हणाले. माझंही तोंड उघडलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी चौथीचे पेपर तपासत बसले होते. कृपाला रविवारच्या शब्बाथ शाळेसाठी उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, भाग मी वाचून दाखवायचा होता. दानिएल खिडकीशी पाठमोरे बसले होते. मी वाचायला लागले. सणाच्या निमित्ताने एका कैद्याला सोडायची रीत होती. रोमी सुभेदाराने लोकांना विचारलं, कुणाला सोडू? लोकांनी दुसऱ्याच एका माणसाचं नाव घेतलं. खरा गुन्हेगार होता तो. त्याला सोडलं आणि त्याच्या जागी येशूला वधस्तंभावर द्यायला नेलं. मी पुढे वाचत गेले, पण कृपा तिथेच थांबली होती. त्या कैद्याचं नाव तिच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून ती त्याला सुटलेला माणूस म्हणाली.

"आई, तो सुटलेला माणूस मग येशूला भेटायला गेला का?"

मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"का नाही गेला?"

शास्त्रात सगळंच लिहिलेलं नसतं, असं मी सांगितलं. शिक्षिकेचं उत्तर. तिला ते पटलं नाही. तिच्यासाठी ही घटना कालपरवाची होती, आणि तो माणूस अजून कुठेतरी रस्त्यावर उभा होता.

"त्याला लाज वाटली असेल," ती म्हणाली. "पण येशूला तर वाटलं असतं ना, कुणीतरी यावं."

दानिएलांनी मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी लाल पेन घेऊन पुन्हा पेपरात डोकं घातलं, आणि कुठल्याशा मुलाच्या बरोबर आलेल्या गणितावर काट मारून बसले.

उत्तम शुक्रवारच्या उपासनेला त्या वर्षी आम्ही गेलो नाही. वडिलांच्या घरात हे कल्पनेतही आलं नसतं. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलेलं, वॉर्डात फिनेलचा वास, पंखा कुरकुरत फिरत होता. हिरामण भिंतीकडच्या खाटेवर होता. हातावर पांढरं गाठोडं बांधल्यासारखं बँडेज. सिंधू खाली पाय दुमडून बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. उठावं असं आमचं काही नव्हतंच.

दानिएल खाटेशी उभे राहिले. त्यांनी कशी आहे तब्येत वगैरे विचारलं नाही. त्या मशीनची जाळी ढिली होती, मला माहीत होतं, तुला सांगायचं राहिलं, हे एका दमात म्हणाले. रडलेही नाहीत. वॉर्डातले शेजारच्या खाटांवरचे लोक बघत होते.

हिरामणने तोंड भिंतीकडे केलं. त्याने आता आम्हाला जा म्हणावं, असं मला वाटत होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं. क्षमा केली असती तर आणखी सोपं झालं असतं. तो मग हळूच बोलला, भिंतीशीच बोलावं तसं.

"माले राग येस, भाऊ. भलता राग येस. तुना येस का मशीनना येस, काय कळत नही. तू रोज येत जाय. राग कराले समोर कोनी तरी पाहिजे."

दानिएल म्हणाले, येतो.

कृपा तोवर माझ्या पदराआड होती. ती पुढे झाली आणि कुणाला न विचारता तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले. मी घाबरले. ही आता बोटं परत मागणार, आणि ती मिळणार नाहीत, आणि मग मी हिला काय सांगणार? पण तिने ऐकलं होतं ते वेगळंच. तिने देवाला सांगितलं, की हिरामणकाकांना बाबांवर रागावू दे, पण काकांना झोप लागेल एवढंच रागावू दे.

सिंधूने पहिल्यांदा वर बघितलं. पदराचा बोळा तोंडाशी धरला.

दानिएल रोज जाऊ लागले. कामावरून सुटले की थेट दवाखान्यात. हिरामणला न्हाऊ घालायचे, दाढी करायचे, संडासला धरून न्यायचे. सुरुवातीला हिरामण खरंच रागवायचा. पाणी गरम आहे म्हणून, वस्तरा ओढला म्हणून. एकदा त्याने डाव्या हाताने तांब्या फेकला, तो दानिएलांच्या कपाळाला लागला. त्या दिवशी घरी आले तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं आणि आठवड्याभरात प्रथमच ते पोटभर जेवले. प्रार्थना मात्र तरीही मीच म्हटली.

मी सिंधूसाठी डबा घेऊन जायची. ती फारसं बोलत नसे. एका दुपारी हिरामणला झोप लागली होती आणि आम्ही दोघी वऱ्हांड्यात मेथीची भाजी निवडत बसलो होतो. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, खरं सांगा. तुमना मानूस वाचना, तुम्हाले बरं वाटनं व्हई ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आपल्यालाही तसंच वाटलं असतं, असं ती तिच्या भाषेत म्हणाली. मग भाजीतली एक जून काडी मोडून तिने बाजूला टाकली. त्या रविवारी दारात उभं राहून मनात म्हटलेली माझी ती प्रार्थना देवाने ऐकली की नाही, ठाऊक नाही. ती खरी ऐकली सिंधूने, आणि ऐकून घेऊन ती भाजी निवडत राहिली. पाळकांच्या घरात वाढून पापाची कबुली म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मी समजत होते. वडिलांना मी जे गुळाचं खोटं पाप सांगायची, त्याने मला किती हलकं वाटायचं. हे खरं सांगितलं तेव्हा हलकं वाटलं नाही. फक्त एकटं वाटेनासं झालं.

कारखान्याने हिरामणला परत मशीनवर घेतलं नाही. फाटकावर बसायचं काम देऊ म्हणाले, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायला हवी. लिहायचा हात तर गेलेला. म्हणून मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, तो आमच्याकडे यायला लागला. कृपाची पाटी घेऊन मी त्याला डाव्या हाताने गिरवायला शिकवायची. तो घामाघूम व्हायचा. अक्षरं आडवी पडायची, काना भलतीकडे जायचा. कृपा शेजारी बसून तिच्या वहीत तीच अक्षरं काढायची आणि तिची चांगली आली की अपराध्यासारखी पान झाकायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहान मुलांना देव दिसतो की नाही मला सांगता येणार नाही. पण समोरच्या माणसाचं दुखणं दिसतं, एवढं मी त्या सुट्टीत बघितलं.

हिरामण फाटकावर काही वर्षं टिकला. मग गावाकडे भाऊ वारला आणि तो सिंधूला घेऊन साक्रीकडे परत गेला. आता तिथे त्याचं किराणा सामानाचं छोटं दुकान आहे. ईस्टर झाला की दानिएल दरवर्षी दोन दिवस जाऊन येतात. तिथे काय बोलतात, मी विचारत नाही. येताना शेंगदाणे घेऊन येतात. कृपाची यंदा बारावीची परीक्षा आहे. ती अजून अभ्यासाआधी डोळे मिटते, पण आता ओठ हलत नाहीत, आणि काय मागते ते घरात कुणाला कळत नाही. शांतवनमामा निवृत्त होऊन नगरला गेले. जाण्याआधी ते दानिएलांपाशी बसून राहिले होते बराच वेळ. मी चुकीचं बोललो रे, असं काहीसं म्हणाले. दानिएलांनी त्यांना चहा करून दिला.

सगळं असं मार्गी लागलं म्हणायला हरकत नाही. पण या दिवसांत, पेपर तपासताना, मधेच माझं बोट लाल पेनावर घट्ट होतं. उजव्या हाताची सगळी बोटं एकेक करून हलवून बघते. ही सवय कधी लागली कळलं नाही. देवाने कुणाला राखलं आणि कुणाला का नाही राखलं, हा प्रश्न मी त्याला विचारत नाही. विचारायला भीती वाटते. उत्तर आमच्या बाजूने आलं तर?

त्या वर्षीचा एक दिवस तेवढा सांगते आणि थांबते. हिरामण फाटकावर रुजू झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधूने आम्हाला जेवायला बोलावलं. सायलीतली ती चाळीतली खोली, दार उघडं, बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गुजराती बातम्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. जमिनीवर सगळे बसलो. हिरामणच्या ताटात सिंधूने भाकरी कुस्करून दिली होती. मी नेहमीची दोन वाक्यं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिरामण दानिएलांना म्हणाला, "भाऊ, तू कर. डबा उघडा की तू डोया मिटस, आनी मी थांबस. इतलं वरीस थांबनू."

कारखान्यात दोघं एकत्र डबा खायचे, दानिएल डोळे मिटायचे आणि ते उघडेपर्यंत हिरामण घास घ्यायचा नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दानिएलांनी हात जोडले. डोळे मिटले. मग म्हणाले, "प्रभू, हिरामणला भूक लागलीय. मलापण." आणि थांबले. पुढचं त्यांना येईना. आमेन राहूनच गेलं, ते कृपाने म्हटलं.

त्या वेळी मला डोळे मिटता आले नव्हते, म्हणून मी बघितलं. हिरामणचे डोळे उघडे होते. तो दानिएलांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होता, एकटक. त्या नजरेत राग नव्हता आणि मायाही नव्हती. आपली एखादी वस्तू कुणाकडे ठेवायला द्यावी आणि ती नीट आहे ना, हे अधूनमधून बघून घ्यावं, तसं तो बघत होता. मग त्याने मान वर केली आणि मी बघतेय हे त्याला दिसलं.

"जेवा, बाई," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने पहिला घास उचलला.